कूलर बिघडला की हवा बदलली?

आमच्या आर्वीत उन्हाळा सुरू झाला हे कॅलेंडर सांगत नाही. जिन्याखाली कित्येक महिने पडलेला पत्र्याचा कूलर फरशीवरून ओढत नेल्याचा खडखडाट गल्लीत ऐकू आला, की समजायचं होळी जवळ आली. मग स्टँड, मग खस, मग पंप, मग "पंप ठेवला कुठे होता?" यावर घरात अर्धा तास वाद. आणि एवढं सगळं होऊनही एखाद्या दुपारी कुणीतरी म्हणतंच, "कूलर हवा तर देऊन राहिला, पण थंडं नाही करून राहिला."

आता मिस्त्रीला बोलवायचं की नाही? बोलावलं तर तो काहीतरी बदलणारच. रिकाम्या हाताने परत जाणारा मिस्त्री मी अजून पाहिलेला नाही. ज्यांच्याकडे एसी आहे (आर्वीतही आता बऱ्याच घरांत दिसतो, आणि कॉलेजांच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये तर असतोच) त्यांना ठरलेलं वाक्य ऐकायला मिळतं, "गॅस संपला, ताई. भरा लागते."

मित्रमैत्रिणींनो, मेकॅनिकलच्या मुलांना रेफ्रिजरेशनच्या विषयात सायक्रोमेट्रीचा चार्ट शिकवतात. तिरप्या, वाकड्या रेषांचं ते जाळं व्हायव्हामध्ये समोर आलं की भल्याभल्यांना घाम फुटतो. तोच चार्ट घरी हा प्रश्न सोडवतो. मशीन खराब आहे की बाहेरची हवाच तशी आहे, हे आधी ठरवता आलं तर निम्मा खर्च वाचतो. राहिलेला निम्मा कुठे करायचा तेही कळतं. इलेक्ट्रिकलवाल्यांनी शेवटचा भाग आधी वाचला तरी चालेल, कारण तिथे प्रश्न पैशांचा नाही, जिवाचा आहे.

आधी हवेला विचारा

कूलर म्हणजे मोठा माठच. ओल्या खसमधून गरम कोरडी हवा जाते, पाण्याची वाफ होते आणि त्या वाफेसाठी लागणारी उष्णता हवेतूनच घेतली जाते. एक लिटर पाण्याची वाफ व्हायला साधारण २४०० किलोज्यूल लागतात, आणि हवा तेवढ्याने गार होते. पण याला मर्यादा आहे. थर्मामीटरच्या टोकाला ओलं फडकं गुंडाळून वारा दिला की पारा जिथे थांबतो त्याला आपण वेट बल्ब तापमान म्हणतो. कूलरमधून येणारी हवा त्याच्या खाली जाऊच शकत नाही. कंपनी कुठलीही असो, किंमत कितीही असो.

मे महिन्यातली आपली दुपार घ्या. तापमान ४५ अंश आणि आर्द्रता १५ टक्के. वेट बल्ब येतो २४ अंशांच्या आसपास. मध्ये २१ अंशांची दरी आहे. चांगली खस लावलेला कूलर या दरीचा पाऊण भाग पार करतो, म्हणजे हवा मिळेल २९ अंशांची. ४५ मधून येणाऱ्याला २९ म्हणजे काश्मीर! आता जुलै घ्या. एक पाऊस पडून गेलाय, तापमान ३५ आणि आर्द्रता ७० टक्के. वेट बल्ब ३० अंश. दरी उरली फक्त ५ अंशांची. तोच कूलर, तीच खस, तोच पंप, आणि हवा मिळणार ३१ अंशांची, वर दमट. अंग चिकचिकतं, चादर ओलसर लागते आणि सगळे कूलरला शिव्या देतात. बिघाड काहीच नाही. जुलैमध्ये पंप बंद करून नुसता पंखा चालवावा, तेवढाच त्याचा उपयोग.

एसीचं नेमकं उलटं आहे. त्याला दमट हवा चालते, पण बाहेरची अति उष्णता सोसत नाही. घरगुती एसीची क्षमता कंपन्या मोजतात ती साधारणपणे बाहेर ३५ अंश आणि खोलीत २७ अंश धरून. डब्यावर दीड टन लिहिलेलं असतं ते त्या हवेतलं. आता आपल्याकडचा मे. नागपूरला मे २०१३ मध्ये ४७.९ अंश नोंदले गेले होते. खोलीतली उष्णता बाहेर फेकायची आणि बाहेरच भट्टी, मग कॉम्प्रेसरला जास्त जोर लावावा लागतो, करंट जास्त ओढला जातो आणि थंडावा मात्र कमी मिळतो. त्यामुळे मेच्या तीन वाजता एसी सलग चालतोय आणि खोली २७ च्या खाली उतरत नाही, एवढ्यावरून तो बिघडला म्हणता येत नाही. रात्री अकरानंतर बघा. तेव्हाही खोली उतरली नाही, तर मात्र शंका घ्यायला जागा आहे.

जाता जाता एक गंमत. या सगळ्याची सुरुवात माणसाला गार वाटावं म्हणून झालीच नाही. १९०२ मध्ये विलिस कॅरिअर नावाच्या तरुण इंजिनिअरने न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातल्या एका छापखान्यासाठी यंत्रणा आखली, कारण दमट हवेने कागद फुगायचा आणि रंग एकावर एक नीट बसायचे नाहीत. आर्द्रतेचं गणित त्याने १९११ मध्ये आपल्या शोधनिबंधात मांडलं. म्हणजे तो चार्ट परीक्षेत येतो याचा दोष छापखान्याच्या कागदाला द्यायचा.

दोन थर्मामीटर आणि थोडा कापूस

आता प्रत्यक्ष तपासणी. दोन साधे थर्मामीटर लागतात, म्हणजे लॅबमधले शंभर अंशांपर्यंतचे. (ताप मोजायचा नको, तो ४२ ला संपतो.) एकाच्या टोकाला ओला कापूस किंवा सुती चिंधी गुंडाळा. आर्वीत कापसाची कमी नाही. कूलरच्या मागच्या बाजूला, सावलीत, जिथून हवा आत ओढली जाते तिथे दोन्ही धरा. तीन-चार मिनिटांनी कोरडं आणि ओलं अशी दोन्ही तापमानं लिहून घ्या. मग कोरडा थर्मामीटर खोलीत कूलरच्या तोंडासमोर धरा.

समजा बाहेर कोरडं ४३ आणि ओलं २३ आलं. आतली हवा २९. दरी २० अंशांची, त्यातले १४ अंश उतरले, म्हणजे ७० टक्के. कूलर ठणठणीत आहे. आतली हवा ३५ आली, तर २० पैकी ८ अंशच उतरले, ४० टक्के. आता खरंच दुरुस्ती हवी. नवी खस ७० ते ८० टक्के देते, मधाच्या पोळ्यासारखे कागदी पॅड त्याहून थोडं जास्त. ६० च्या खाली आलं की उठायचं. या आकड्याचा फायदा असा, की तो मेमध्येही चालतो आणि जुलैमध्येही, कारण हवामान त्यातून वजा झालेलं असतं.

खस म्हणताना एक खुलासा. खरी खस म्हणजे वाळा, त्याचा वास येतो. बाजारात मिळतं ते बहुतेक लाकडाचा भुसभुशीत कीस असतो, पण आपण सगळे त्याला खसच म्हणतो, मीही तेच म्हणते.

आकडा कमी आला तर दोष कुठे? पंप चालू करून पाच मिनिटांनी तिन्ही बाजूंच्या ताट्या बघायच्या. पूर्ण ओल्या असायला हव्यात. मध्येच कोरडा पट्टा दिसला तर वरच्या पन्हळीची भोकं बुजलीत, किंवा खस खाली बसून वर फट पडली आहे. हवा मोठी आळशी असते, ती ओल्या खसमधून न जाता त्या फटीतूनच घुसते आणि गरमच्या गरम खोलीत येते. सगळीकडेच पाणी कमी येत असेल तर पंपाच्या जाळीत कचरा आहे. हे घरी, प्लग काढून, दहा मिनिटांत साफ होतं.

आपल्याकडे सगळ्यात मोठा शत्रू मात्र बोअरचं पाणी. त्याचं गणित मी मांडून बघितलं. मोठा कूलर तासाला ३००० घनमीटर हवा फेकतो असं धरा आणि ती १५ अंशांनी गार होते. त्यासाठी तासाला सुमारे २० लिटर पाण्याची वाफ व्हायला हवी. दहा तासांत २०० लिटर. वाफ झाली ती पाण्याची, त्यातले क्षार मागेच राहिले. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानकात लिटरला ५०० मिलिग्रॅम क्षार ही पसंतीची मर्यादा आहे. तेवढेच क्षार धरले तरी दिवसाला १०० ग्रॅम मागे राहतात, आठवड्याला पाऊण किलोच्या जवळ. बोअरच्या पाण्यात अनेकदा याहून जास्त असतात. खसवर पांढरी खपली चढते ती हीच. खपली चढली की हवेला वाट कमी आणि पाण्याला पृष्ठभाग कमी. म्हणून नुसतं वरून पाणी भरत राहण्यापेक्षा तीन-चार दिवसांनी टाकी पूर्ण रिकामी करावी. ते पाणी अंगणात टाकलं तरी हरकत नाही, फक्त रोज एकाच कुंडीत नको.

या गणितातून एक सोपी खूणही हाती लागते. कूलर किती पाणी "पितो" त्यावर लक्ष ठेवा. बाहेर तेवढंच कोरडं ऊन आहे, पण गेल्या आठवड्यात सहा बादल्या लागायच्या आणि आता तीनच लागतात, तर पाणी वाचलं म्हणून आनंद मानू नका. तेवढी वाफच होत नाहीये, म्हणजे तेवढा थंडावाही नाही.

टाकी दर आठवड्याला रिकामी करायचं दुसरं कारण डास. डेंग्यूचा डास अशाच साठलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो, आणि उन्हाळी हवेत अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. म्हणून आरोग्य विभाग आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळा म्हणतो. पण नुसतं पाणी ओतून देणं पुरत नाही. अंडी पाण्याच्या वरच्या कडेला पत्र्याला चिकटतात आणि कोरड्यातही महिनोन्‌महिने टिकतात. ब्रशने घासावं लागतं. ऑक्टोबरमध्ये कूलर जिन्याखाली ढकलण्याआधी तर नक्कीच.

पंखा हळू झाला असेल आणि हाताने ढकलल्याशिवाय सुरू होत नसेल, तर बहुतेक कपॅसिटर गेलेला असतो. ही फार स्वस्त वस्तू आहे. आपले इलेक्ट्रिशियन त्याला "कंडेन्सर" म्हणतात. एसीतला कंडेन्सर वेगळा, तो फार महाग. शब्द एकच असल्यामुळे भाव विचारताना गोंधळ होतो, तेव्हा कोणता ते आधी विचारा. आणि शेवटी, खिडकी-दार! कूलर बाहेरची हवा आत ढकलतो, ती जायला वाट हवी. सगळी दारं लावून "कोंदट होतं" म्हणणाऱ्यांच्या कूलरमध्ये काहीच बिघाड नसतो.

एसीच्या तक्रारी

एसीत वेट बल्ब लागत नाही, एकच थर्मामीटर पुरतो. पंधरा मिनिटं चालू दे, मग आत ओढली जाणारी हवा आणि बाहेर येणारी हवा दोन्ही मोज. साधारण ८ ते १२ अंशांचा फरक हवा. फरक ५-६ वर आला तर आधी फिल्टर धुवायचा. आपल्या धुळीत दर पंधरा दिवसांनी. मग बाहेरचं युनिट बघायचं. तिथली जाळी धुळीने, जिनिंगच्या बाजूला घर असेल तर कापसाच्या तंतूंनी भरलेली असते. ती मोकळी झाली तरी फरक वाढत नसेल तर मेकॅनिकला फोन.

आता ते प्रसिद्ध वाक्य, "गॅस संपला." एसीतला गॅस पेट्रोलसारखा जळत नाही, बंद नळ्यांमध्ये तोच तो फिरत राहतो. कमी झाला असेल तर तो गळला आहे, आणि गळती शोधल्याशिवाय भरला तर पुढच्या वर्षी पुन्हा गळणार. मेकॅनिक प्रामाणिक आहे की नाही हे ओळखायला दोनच प्रश्न विचारावेत. "भाऊ, लीक कुठे आहे? आणि भरण्याआधी व्हॅक्यूम करणार ना?" उत्तर देताना तो नळीच्या जोडाजवळचा तेलाचा डाग दाखवायला लागला तर माणूस जाणकार आहे, कारण गॅसबरोबर कॉम्प्रेसरचं तेलही थोडं झिरपतं. जुन्या एसीत आर-२२ असतो, तो ओझोनसाठी वाईट आणि २०३० पर्यंत बंद करायचं ठरलं आहे. नव्यात बहुतेक आर-३२ असतो, तो थोडासा ज्वलनशील आहे. म्हणून काम चालू असताना विडी-काडी नको, आणि एका गॅसच्या मशीनमध्ये दुसरा भरू देऊ नये. युनिटच्या पट्टीवर नाव आणि वजन दोन्ही लिहिलेलं असतं.

बर्फाचं सगळ्यांना आश्चर्य वाटतं. आतल्या कॉइलवर बर्फ जमला की लोकांना वाटतं, काय मस्त थंड करतोय! खरं तर हे आजाराचं लक्षण आहे. हवा पुरेशी येत नाही किंवा गॅस कमी आहे, म्हणून कॉइल शून्याच्या खाली जाते, हवेतलं पाणी तिथेच गोठतं, आणि तो बर्फ हवेला आणखी अडवतो. बंद करून वितळू द्यावा. चमचा-सुरीने खरवडू नये, नळी फाटते.

पाणी खोलीत टपकत असेल तर बहुधा निचऱ्याची नळी शेवाळाने तुंबलेली असते. बंद मोज्यांसारखा वास आला तर आत बुरशी आहे (हॉस्टेलवाल्यांना हा वास वेगळा समजावून सांगायला नको). हे दोन्ही त्रास आहेत, संकट नाही. जळका वास, काळपट किंवा हाताला गरम लागणारा प्लग, आणि सुरू होताना घरातले दिवे मिचमिचणं, हे संकट. त्याच क्षणी बंद. लाइट जाऊन आल्यावर मात्र तीन मिनिटं एसी सुरू झाला नाही तर घाबरू नका, नळ्यांमधला दाब सारखा होईपर्यंत तो मुद्दाम थांबतो. जुन्या मशीनमध्ये ती सोय नसेल तर तेवढा वेळ आपण थांबायचं.

झिणझिण्या

आता ज्यासाठी हा लेख खरा लिहायला घेतला ते. दर उन्हाळ्यात विदर्भातल्या वर्तमानपत्रांत कूलरचा शॉक लागून कुणीतरी गेल्याची बातमी येते. पाणी भरताना आई, खेळताना हात लागलेलं मूल. महावितरणही दरवर्षी आवाहन करतं. तरी घराघरांत एक वाक्य सहज बोललं जातं, "त्याला हात नको लावू, थोडा करंट येतो त्याला." थोडा करंट! जणू कूलरचा स्वभावच आहे.

पत्र्याला हात लागून झिणझिण्या येणं ही कूलरने दिलेली शेवटची सूचना आहे. मोटरच्या किंवा पंपाच्या वायरचं आवरण ओलाव्याने खराब झालं आणि करंट पत्र्यापर्यंत आला. कोरड्या हाताला, पायात चप्पल असताना, नुसती झिणझिण लागते. त्याच पत्र्याला ओल्या हाताने, अंगणातल्या चिखलात अनवाणी उभं राहून हात लावला की शरीराचा रोध हजार ओहमच्या आसपास येऊ शकतो. २३० भागिले १०००, म्हणजे २३० मिलिअँपिअर. माणूस मरायला याच्या निम्म्याचीही गरज नसते. दहा-पंधरा मिलिअँपिअरच्या पुढे तर हात सुटतच नाही. आणि कूलर भरताना आपण नेमके असेच उभे असतो.

"पण आमच्याकडे अर्थिंग आहे की!" असेल. पण ते कधी मोजलंय? अर्थिंगचं काम जमिनीतल्या ओलाव्यावर चालतं. आपली काळी जमीन मेमध्ये भेगा पडेपर्यंत वाळते, खड्ड्यातला कोळसा-मीठ कोरडं होतं आणि रोध वाढतो. म्हणजे कूलर ज्या महिन्यात सगळ्यात जास्त चालतो, त्याच महिन्यात अर्थिंग सगळ्यात दुबळं. रोध ५ ओहम असेल तर बिघाडाच्या वेळी ४६ अँपिअर वाहतील आणि १६ चा एमसीबी लगेच नाही तरी मिनिटाच्या आत पडेल. तोच रोध ४० ओहम झाला तर वाहतील पावणेसहा अँपिअर. एमसीबीला तो साधा लोड वाटतो. तो पडत नाही, पंखा फिरत राहतो, थंड हवा येत राहते, आणि पत्रा २३० व्होल्टवर तसाच उभा असतो. कूलर उत्तम चाललाय असं बाहेरून दिसतं.

म्हणून ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी. जाणारा आणि परत येणारा करंट तो सतत ताडून बघतो, आणि फरक पडला की सेकंदाच्या अंशात लाइन तोडतो. अर्थिंग किती वाळलंय याची तो वाट बघत नाही. घरात असेल तर त्यावरचं टेस्टचं बटण महिन्यातून एकदा दाबून तो पडतो का बघा. नसेल तर एसीच्या एका दुरुस्तीच्या खर्चात तो बसतो. आरसीसीबी वारंवार पडतो म्हणून तो काढून टाकायला सांगणारा इलेक्ट्रिशियन बदला. तो पडतोय म्हणजे कुठेतरी गळती आहे.

टेस्टरबद्दलही थोडं. पत्र्याला लावून दिवा लागला तर मेन बंद करा आणि कूलर दुरुस्त होईपर्यंत वापरू नका. दिवा लागला नाही म्हणून निर्धास्तही होऊ नका, कारण पंप बंद असताना दोष पंपात असेल तर तो दिसणारच नाही. हॉस्टेलमध्ये तीन पिनच्या प्लगची वरची पिन कापून टू-पिनच्या बोर्डात घुसवण्याची जी कला आहे, तिच्यात कूलरपुरती तरी सुट्टी घ्यावी. ती कापलेली पिनच अर्थिंगची असते. आणि पाणी भरताना नुसतं बटण बंद करून भागत नाही. जुन्या वायरिंगमध्ये बटण कधी कधी न्यूट्रलवर बसवलेलं असतं, तेव्हा बटण बंद असूनही मोटरपर्यंत करंट असतोच. प्लग उपसायचा, मग पाइप हातात घ्यायचा.

आमच्या घरी अर्थिंगचा खड्डा अंगणात तुळशीच्या मागे आहे. मार्चपासून पहिला पाऊस येईपर्यंत दर रविवारी त्यात दोन बादल्या पाणी पडतं, कूलरची टाकी घासून झाल्यावर निघालेलं.